न लागलेले चाक

घरामागच्या दगडी गल्लीसंबंधी मी आमच्या कौन्सिलला एकूण बारा पत्रे लिहिली. पहिली अकरा पत्रे ती गल्ली उखडून तिथे डांबर घालावे म्हणून होती. बारावे पत्र पहिल्या अकरांचे खंडन करणारे होते. आयुष्यभराच्या पत्रव्यवहारात मी स्वतःच्या विरुद्ध लिहिलेले ते एकमेव पत्र, आणि माझ्या मते माझे सर्वांत चांगले. ज्यांच्यामुळे ते लिहावे लागले त्या विष्णुपंत गुरवांविषयी हे टिपण आहे. गावाचे नाव सांगत नाही. टेम्सच्या खोऱ्यातले, मेडनहेडच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी असलेले एक गाव, एवढे वाचकाला पुरे. कौन्सिलशी माझा पत्रव्यवहार इतर विषयांवर अद्याप चालू आहे.

लंडनजवळच्या इल्फर्डमध्ये एका सॉलिसिटरच्या कचेरीत तीस वर्षे काढून मी निवृत्त झालो आणि सौ.सह या गावी राहायला आलो, तेव्हा नवे शतक नुकतेच सुरू झाले होते. घरांच्या रांगेमागून एक जुनी गाडीवाट जाते. पूर्वी कधीतरी तिच्यावरून बिअरची पिंपे वाहणारे घोडे जात असत, म्हणून ती काळ्या घडीव दगडांनी बांधलेली. पहिल्याच फेब्रुवारीत, सकाळी बरोबर साडेसहाला, त्या गल्लीतून असा आवाज येऊ लागला की, जणू भांड्यांनी भरलेले कपाट कोणीतरी जिन्यावरून खाली ओढत नेत आहे. आवाज गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाई, थांबे, आणि परत येई. असे आठ वेळा. तीन सकाळी मी वेळा टिपून घेतल्या, खिडकीतून आवाजाचा उगम कोणत्या घरात शिरतो ते पाहिले, आणि चौथ्या दिवशी एक घर सोडून पलीकडच्या दारात इंग्रजीत रीतसर पत्र टाकले. त्यात उपद्रवाची व्याख्या होती, वेळांचे कोष्टक होते आणि चौदा दिवसांची मुदत होती.

उत्तर वीस मिनिटांत आले. दार उघडले तर समोर किडकिडीत, साठीपुढचा एक माणूस, डोक्यापासून कमरेपर्यंत पांढराफटक. भुवयांत पीठ, कानांत पीठ. हातात माझे पत्र.

"मोघे म्हंजे आपलेच की हो! मग इंग्लिशमध्ये कशाला लिवलं?"

"तो औपचारिक पत्रव्यवहार आहे," मी म्हणालो.

"बरं. मग उत्तर बी औपचारिक देतो. आवाज चाकाचा न्हाई, दगडाचा हाय. चाकाचा आवाज ऐकायचा असला तर घरी या, ऐकवतो. आत येत न्हाई, वहिनींच्या कार्पेटवर पीठ सांडंल."

आतून सौ. म्हणाली, "अहो, त्यांना दारात काय उभं करता? या हो तुम्ही आत, पीठ ओढायला हूवर आहे घरात."

चौदा दिवसांची मुदत अशा रीतीने चहाबरोबर संपली.

विष्णुपंत मिरजेचे. वडील देवळात सनई वाजवत. घरापासून दहा पावलांवर तंबोरे-सतारी करणाऱ्यांची आळी होती, आणि आळीच्या तोंडाशी सायकलचे दुकान. सायकलच्या दुकानात ते वाकड्या चाकाचा आऊट काढायला शिकले आणि आळीत बसून ऐकायला शिकले. पुढे इंग्लंडात एका कारखान्यात सायकली जोडता जोडता ते शर्यतीच्या एका संघाकडे चाके बांधणारे म्हणून लागले. एवढेच त्यांचे चरित्र मला ठाऊक आहे. अधिक विचारले की ते म्हणत, "मी कोन, हे कशाला? हे चाक कुनाचं, ते विचारा."

त्यांची पुढची खोली म्हणजे कार्यशाळा. खिडकीशी लोखंडी घोडी, तिच्यावर चाक. विष्णुपंत ते लगेच फिरवत नसत. आधी एकेक तार, म्हणजे स्पोक, बोटाने छेडत. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या तारांचा सूर वर, डाव्या बाजूच्यांचा खाली. प्रत्येक बाजूच्या सोळाही तारा मात्र आपापल्या सुरात एक लागल्या पाहिजेत. एखादी किंचित उतरलेली असली की त्यांचा चेहरा दाताखाली खडा आल्यासारखा होई. मला फरक कधीच कळला नाही. मी तसे सांगितल्यावर ते म्हणाले, "तुमाला कळायला नकोच, वकीलसाहेब. तुमाला कळला म्हंजे चाक गेलंच समजा." मी वकील नव्हतो, हे त्यांना मी किमान सहा वेळा सांगितले होते.

ही चाके ज्या शर्यतीसाठी होती तिच्याबद्दल मला तोवर काहीच माहिती नव्हती. दर एप्रिलमध्ये उत्तर फ्रान्समध्ये ती होते. अंतर अडीचशे किलोमीटर, आणि त्यांतले पन्नासेक किलोमीटर शेतांमधल्या अशा दगडी वाटांवरून की, ज्यांवर तिथला शेतकरी ट्रॅक्टरसुद्धा सांभाळून नेतो. व्यावसायिक स्वार त्या वाटांवर ताशी चाळीस-पन्नासच्या वेगाने शिरतात. विष्णुपंतांनी मला त्याचे शास्त्र टेबलावर चमचे मांडून समजावले. वाट मधोमध उंच आणि कडांना खचलेली असते, म्हणून माथ्यावरून जायचे. ब्रेक लावायचा नाही. पायाखाली जड गिअर ठेवायचा. टायरमध्ये हवा कमी. आणि हॅंडल आवळायचे नाही. "पोळी लाटताना वहिनी लाटणं कसं धरतात? दाबत न्हाईत, नुस्तं संगं ऱ्हातात. तसं. ज्यानं आवळलं त्याच्या हाताची साल गेली. आनि जो घाबरून हळू झाला, तो पडला."

आणि पीठ? स्वार सत्तर-बहात्तर किलोचा असतो, विष्णुपंत भरल्या पोटी बावन्न. तो फरक भरून काढण्यासाठी ते वेम्बलीच्या भारतीय दुकानातून दहा-दहा किलो आट्याच्या दोन पिशव्या आणत, त्या पाठपिशवीत कोंबत आणि नवे चाक लावून गल्लीत उतरत. दगडांच्या हिसक्यांनी पिशव्यांच्या शिवणी उसवत. नव्या चाकाच्या तारा पहिल्या फेरीत टिंग-टिंग आवाज करीत सैलावतात, आपापल्या जागी बसतात; मग त्यांना पुन्हा सुरात आणायचे, पुन्हा गल्लीत न्यायचे. चौथ्यांदा चाक गप्प आले की ते झाले. "चाकाला जे काय रडायचं ते हितं रडून घेऊ दे," ते म्हणत. "तिकडं मानसाच्या अंगाखाली रडायचं न्हाई."

त्यांच्या जिन्याखालच्या कपाटात वरच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या होत्या आणि खालच्या तीन फळ्यांवर टायर. हे टायर ट्यूबसकट शिवलेले असतात आणि रिमला डिंकाने चिकटवतात. नवा टायर विष्णुपंत कधीच वापरत नसत. अंधारात, कोरड्या जागी, दोन-तीन वर्षे ठेवला की रबर घट्ट होते आणि दगडाने सहजी कापले जात नाही. प्रत्येकावर खडूने साल घातलेले. सौ.ने एकदा कैरीची बरणी मागितली तेव्हा त्यांनी कपाटात डोके घालून विचारले, "कंची देऊ? मुरलेली की कवळी?" आणि बाहेर आले ते हातात टायर घेऊन. तिघेही कितीतरी वेळ हसलो. मी क्वचित हसतो, म्हणून लक्षात आहे.

आणखी एक सवय. टायर चिकटवण्यापूर्वी रिमच्या खोबणीत, डिंक ज्याच्यावर बसणार त्या जागी, ते पेन्सिलीने 'श्री' लिहीत. मग त्यावर डिंक, त्यावर टायर. तो 'श्री' कोणालाही, कधीही दिसत नसे. मी त्यांना सांगितले की, मीही प्रत्येक पत्राच्या कच्च्या खर्ड्यावर पेन्सिलीने 'श्री' लिहितो आणि टाकण्यापूर्वी खोडतो, कारण कौन्सिलला त्याचा उलगडा होणार नाही. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग आपलं काम एकच की हो," म्हणाले. कामे एक नव्हती. पण मी हरकत घेतली नाही.

शर्यतीत त्यांचे काम काय, तर एका दगडी वाटेच्या शेवटी, गर्दीच्या पुढे, सुटे चाक दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे राहायचे. आपल्या संघाच्या स्वाराचे चाक फुटले असेल तर त्याला लांबून दिसावे म्हणून. तासन्‌तास उभे राहायचे, धुळीत नाहीतर चिखलात, आणि ते लोक समोरून जातात त्याला लागतात चार-दोन मिनिटे. एका वर्षी हर्नियाच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांना जाता आले नाही. शर्यत आमच्याकडे टीव्हीवर पाहायला आले. येताना चाक घेऊन आले. सौ.ने खुर्ची दिली, तर उभेच.

"बसा की हो, विष्णुपंत. टाके आहेत पोटात."

"चाक हातात असल्यावर बसत न्हाईत, वहिनी."

"अहो, पण इथून कोणाला देणार आहात तुम्ही चाक?"

"कुनाला न्हाई. त्येच तर पायजे." आणि मग पडद्यावरून नजर न काढता ते म्हणाले, "चाक धरनाऱ्याचा सगळ्यांत चांगला दिवस कंचा, म्हाईत हाय? ज्या दिवशी चाक तसंच घरी परत येतं."

पुढे कोण आहे, कोण जिंकले, इकडे त्यांचे लक्ष नव्हते. संघाच्या आठ जणांपैकी चौघेच शेवटपर्यंत पोचले. ते चौघे आत आल्यावर विष्णुपंत बसले.

आता अकरा पत्रांविषयी.

शस्त्रक्रियेच्या त्याच वर्षी, नोव्हेंबरात, सौ. मागच्या दाराने दुकानाला निघाली. दगडांवर ओली पाने होती. एक दगड शेजारच्यापेक्षा वर आलेला होता. ती पडली आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर, आणि त्यानंतरही त्या हाताने तिला कुकरचे झाकण लावता येईना. मला जो संताप आला त्याचे वर्णन करीत नाही. तो कौन्सिलच्या फायलीत क्रमवार उपलब्ध आहे. सार्वजनिक वाट सुस्थितीत राखणे ही हायवेज ॲक्टच्या एक्केचाळिसाव्या कलमाखाली त्यांची जबाबदारी आहे. त्यांनी उत्तर दिले की, गल्लीची नियमित पाहणी होते आणि तीत धोकादायक असे काही आढळले नाही. मी पाहणीच्या नोंदी मागितल्या. नोंदी आल्या, प्रत्येक वेळी तेच वाक्य, तीच सही. आठव्या पत्रापर्यंत मी त्यांना घेरले होते, पण पुरावा हवा होता. कोणता दगड, किती वर, किती खाली, हे सांगणारा तटस्थ साक्षीदार हवा होता.

मी विष्णुपंतांकडे गेलो. तोवर ते दोन महिने रोज संध्याकाळी सौ.साठी डब्यातून काहीतरी आणून देत होते आणि आमचा कुकर उघडून-लावून देत होते. मी म्हणालो, "तुम्ही त्या गल्लीतून रोज जाता. तुम्ही लेखी द्या."

"जे हाय ते लिवायचं?"

"जे आहे तेच. अचूक."

तीन दिवसांनी त्यांनी मला चार फुलस्केप कागद आणून दिले. मी आयुष्यात पुष्कळ साक्षी वाचल्या. अशी एकही नाही. गल्लीचा नकाशा, आडव्या ओळी मोजून क्रमांक दिलेले, आणि प्रत्येक वाईट दगडापुढे मिलिमीटरमध्ये माप: एकविसावी ओळ, डावीकडून तिसरा, अकरा वर; चाळिसावी ओळ, मधला, नऊ खाली, कडा तुटकी. एकूण त्रेसष्ट दगड. मापे त्यांनी स्पोक मोजायच्या पट्टीने घेतली होती. मी हर्षाने ते कागद नवव्या पत्राला जोडले. कोणता माणूस एका गल्लीतले त्रेसष्ट दगड असे ओळखतो, आणि का ओळखतो, हा प्रश्न माझ्या मनात आला नाही. तीस वर्षे कायद्याच्या कामात काढलेल्या माणसाला तो यायला हवा होता.

अकराव्या पत्रानंतर, फेब्रुवारीअखेर, कौन्सिलने शरणागती पत्करली. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी उजाडण्यापूर्वी, संपूर्ण गल्लीवर डांबर घालायचे ठरले. मी वेम्बलीला जाऊन पेढे आणले आणि पहिला विष्णुपंतांच्या हातावर ठेवला.

"तुमच्या साक्षीने जिंकलो," मी म्हणालो.

त्यांनी पेढा सगळा खाल्ला. "झ्याक झालं," म्हणाले. "वहिनींचा हात म्हत्त्वाचा."

दोन रविवारांनी त्यांची मुलगी मीना आमच्याकडे आली. जन्म इथलाच, इल्फर्डला फिजिओथेरपिस्ट, सौ.च्या मनगटाचा व्यायाम तीच करून घेत असे. त्या दिवशी व्यायाम संपला तरी ती उठेना.

"काका, बाबा तुम्हाला कधी नाही सांगणार. सो आय हॅव टू. तो ह्या एप्रिलनंतर स्टॉप करतोय. टीमला फोन केला त्याने."

"का? प्रकृती?"

"प्रकृती फाइन आहे. गल्ली नाही ना राहणार." तिने सौ.चा हात सोडला नव्हता. "एक वर्षी इथे खूप स्नो होता, पूर्ण वीक. तेव्हा बाबाने चाक गल्लीत न नेता पाठवला. रेसमध्ये तो चाक कोलॅप्स झाला. टॉम म्हणून रायडर होता, ही ब्रोक हिज हिप. परत कधी रेस नाही केला. टीम म्हणाली, स्टोनवर आदळला, एनी वील वुड हॅव गॉन. बाबा म्हणतो, मेबी. पण माहीत नाही ना. त्यानंतर एक पण चाक त्याने गल्लीत नेल्याशिवाय नाही पाठवला, काका. नॉट वन. टॉमला दर ख्रिसमसला कार्ड पाठवतो. टॉम पण पाठवतो. पण बाबा ते कार्ड उघडायला दोन-तीन दिवस घेतो."

मी तसाच, घरातल्या सपातांनिशी, विष्णुपंतांच्या दारी गेलो. माझा आवाज पूर्ण रांगेला ऐकू गेला असे सौ. अजून सांगते.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?"

"काय?"

"तुमचा हितसंबंध होता! साक्ष देण्यापूर्वी हितसंबंध उघड करायचा असतो! ही मूलभूत गोष्ट आहे!"

"वकीलसाहेब, आदी आत या. सपाता भिजल्या."

"मी आत येणार नाही. तुम्ही स्वतःच्या विरुद्ध साक्ष दिलीत. त्रेसष्ट दगड! मिलिमीटरमध्ये!"

"तुमीच म्हनला की, अचूक लिवा." ते घोडीवरच्या चाकाकडे वळले. "खोटं लिवायला पायजे होतं का? वहिनी पडल्या, हे खरं का न्हाई? तो दगूड अकरा वर हाय, हे मला म्हाईत होतं. रोज त्येच्यावरनं जात होतो. म्या कुनाला सांगितलं न्हाई, कारन मला तो वरच पायजे होता. मग वहिनींच्या हाताला जबाबदार कोन? कौन्सिल एकटंच?"

तीस वर्षांत माझा युक्तिवाद एवढ्या थोड्या शब्दांत कोणी संपवला नव्हता. मी आत गेलो. त्यांनी मला कोरडे मोजे दिले.

"दुसरी गल्ली शोधता येईल," मी म्हणालो.

"बघितली. मीनाच्या गाडीतनं चार गावं बघितली. कुटं नुस्ता शोभेचा तुकडा हाय, कुटं गाड्या उभ्या असत्यात. असू दे. वय बी झालं."

घरी येऊन मी टेबलाशी बसलो. दोन तास कागद कोरा. कलमे सगळी पहिल्या बाजूची होती. ती मीच वापरून संपवली होती. शेवटी सौ. चहा घेऊन आली आणि उजव्याच हाताने कप ठेवला, थरथरत, पण ठेवला.

"अहो, पडले मी ना?"

"हो."

"मग मला कोणी विचारलं का, काय पाहिजे ते? अकरा पत्रं लिहिलीत. मला चालायला भिंतीकडेने दोन पावलांची जागा सपाट करून द्या म्हणावं. बाकीचं राहू दे त्यांना. मी काही गल्लीच्या मधून पळत जाणार नाही."

मी खर्ड्यावर पेन्सिलीने 'श्री' लिहिला आणि बारावे पत्र सुरू केले. त्यात मांडले की, संपूर्ण डांबरीकरण हा माझ्या तक्रारीवरचा अवाजवी उपाय आहे. भिंतीलगत सपाट फरशांचा तीन फुटी पट्टा घातल्यास पादचाऱ्यांप्रति असलेले कर्तव्य पूर्ण होते. खचलेले दगड उचलून पुन्हा बसवता येतात, आणि ते कोणते हे सोबतच्या नकाशात आहे, जो कौन्सिलने नवव्या पत्रासोबत विश्वसनीय म्हणून स्वीकारलेला असल्याने आता नाकारता येणार नाही. शेवटी, जखमी व्यक्तीचे स्वतःच्या सहीचे निवेदन. सौ.ची ती सही प्लास्टर निघाल्यानंतरची पहिली.

कौन्सिलने एक तरुण अभियंता बाई पाठवली. तिच्या हातात बाराही पत्रांची फाइल होती. गल्लीत उभी राहून तिने विचारले, "मिस्टर मोघे, म्हणजे तुम्ही आता स्वतःलाच हरकत घेता आहात?"

"होय," मी म्हणालो. "आणि दोन्ही हरकतदारांचा समान गांभीर्याने विचार व्हावा, ही विनंती."

तिने विष्णुपंतांकडे पाहिले. ते पाठीवर पिठाच्या पिशव्या घेऊन, भुवया पांढऱ्या, सायकलला टेकून उभे होते. "आणि हे कोण?"

"साक्षीदार," मी म्हणालो. "यांचा हितसंबंध आहे. तो मी या वेळी आधीच उघड करतो."

आणि मी तिला सगळे सांगितले. टॉमचेही. तिने फाइल मिटली, आणि मिळाला तो पट्टा. जानेवारीच्या अखेरीस दोन गवंडी आले. विष्णुपंत नकाशा घेऊन दिवसभर त्यांच्याबरोबर उभे होते, त्यांना आल्याचा चहा पाजत होते. बासष्ट दगड नव्याने बसले. एकविसाव्या ओळीतला, जो सौ.च्या पायात आला होता तो, फरशांच्या पट्ट्याखाली गेला. बासष्टांपैकी शेवटच्या टोकाचा एक, मधोमध असलेला, गवंड्याने उचलायला घेतला तेव्हा विष्णुपंतांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. तो दगड भिंतीपासून लांब होता. ज्ञात दोष जाणूनबुजून ठेवणे याचा कायदेशीर अर्थ मला पूर्ण माहीत आहे. मी दुसरीकडे पाहिले. म्हणजे बसले एकसष्टच. त्या उरलेल्या दगडाविषयी मी आजवर एक ओळ कोणाला लिहिलेली नाही.

त्यानंतर पाच वसंत चाके गल्लीतून गेली. पट्टा मंजूर झाला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, थांबत नाही असा संघाला फोन झाला होता. मी सकाळी साडेसहाला खिडकीत बसू लागलो, आणि फेऱ्या मोजू लागलो, जुनी सवय. चौथ्या वर्षी पाठीवर एकच पिशवी दिसली. पाचव्या वर्षी मीनाने सांगितले की, डॉक्टरांनी सायकल बंद करायला सांगितली आहे, हृदय दमते. विष्णुपंतांनी डॉक्टरांना सांगितले की, अजून एक जोडी राहिली आहे.

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. त्याविषयी मला लिहायचे नाही. मीनाने एक चाक आणून दिले. ते माझ्या पत्रांच्या कपाटाशेजारी भिंतीला टांगलेले आहे. टायर थोडा सोलून खाली 'श्री' आहे का पाहावे, असे काही वेळा मनात येते. पाहिलेले नाही. असणारच.

मला लिहायचे आहे ते त्या शेवटच्या मार्चमधल्या सकाळीविषयी. साडेसहाला दारावर टकटक झाली. विष्णुपंत हेल्मेट घालून उभे होते, आणि हातात हेच चाक.

"वकीलसाहेब, एक काम हाय. गल्लीच्या त्या टोकाला उभं ऱ्हायचं."

"कशाला?"

"चाक धरायला. इतकी वर्सं मी धरलं. माझ्यासाठी कुनी धरलं न्हाई."

मी कपडे करून, टाय बांधून गेलो. सौ. भिंतीकडच्या सपाट पट्ट्यावर शाल घेऊन उभी राहिली. मी गल्लीच्या शेवटी, त्या एका दगडाच्या थोडा पलीकडे, दोन्ही हातांनी चाक डोक्यावर धरले. ते वाटले होते त्यापेक्षा हलके होते; दोन मिनिटांनी जड झाले. समोरच्या टोकाला विष्णुपंत दिसत होते, लहान, पाठीवर काही नाही. मग ते निघाले. तोच भांड्यांच्या कपाटाचा आवाज, ज्याविरुद्ध मी कधीकाळी कोष्टक तयार केले होते. गल्लीच्या माथ्यावरून, सरळ. हात हॅंडलवर सैल. तोंड किंचित उघडे. शेवटचा दगड आला तेव्हा पुढचे चाक उचलले गेले, बसले, मागचे उचलले गेले, बसले, आणि दोन्ही चाकांतून एकही तार वाजली नाही. हे मला ऐकू आले, मला.

माझ्यासमोरून जाताना त्यांनी उजव्या हाताचा पंजा हॅंडलवरून जेमतेम उचलला आणि हलवला. नको.

ते वळणावरून दिसेनासे झाले. सौ. म्हणाली, "अहो, खाली घ्या की आता ते. हात दुखतील."

मी आणखी थोडा वेळ तसाच उभा राहिलो.